संत्र्याच्या बागेतील दोन घड्याळे

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात गेलात, तर जिकडे तिकडे संत्र्यांचे ढीग दिसतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, तिकडे अमरावती जिल्ह्यातील वरूड आणि मोर्शी या तालुक्यांतून आलेला हा आंबिया बहाराचा माल असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची संत्री येतात. गिऱ्हाईक संत्रे हातात घेते, रंग पाहते, साल दाबून पाहते, वास घेते आणि मग भाव करते. रंग, आकार, वास, चव या गोष्टी आपल्या इंद्रियांना कळतात. फळाचा एक गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि जिभेलाही समजत नाही. तो गुण म्हणजे ते फळ खाण्यास सुरक्षित आहे की नाही.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय? घरी आणून धुतले की झाले!" धुणे आवश्यक आहे, यात शंका नाही. पण धुण्याने सगळे काम होत नाही. फळ-भाजीची सुरक्षितता बहुतांशी शेतातच ठरते. म्हणूनच फळे आणि भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना याचे शिक्षण देण्याची पद्धत जगभर सुरू झाली आहे. या शिक्षणात जे सांगतात, त्यातील बराचसा भाग तुमच्या शाळेतील गणित आणि भौतिकशास्त्रच आहे. तो कसा, ते आज पाहू.

न दिसणारे दोन पाहुणे

ताज्या फळावर किंवा भाजीवर दोन प्रकारचे नको असलेले पाहुणे असू शकतात. पहिला पाहुणा रासायनिक. संत्र्याच्या झाडावर सिट्रस सिला, काळी माशी यांसारख्या किडी पडतात. काळ्या माशीमुळे पानांवर काजळीसारखा थर चढतो, त्याला आपल्याकडे कोळशी म्हणतात. बाग वाचवायची तर कधी कधी कीटकनाशक फवारावे लागते. त्याचा अगदी थोडा अंश फळावर उरतो, त्याला 'अवशेष' म्हणतात.

दुसरा पाहुणा सजीव आहे. सॅल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जीवाणू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहतात. सांडपाणी, कच्चे शेण किंवा न धुतलेले हात यांतून ते फळ-भाजीपर्यंत पोचतात. ई. कोलायचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत, पण काही प्रकार इतके घातक असतात की पोटात शंभराहून कमी जीवाणू गेले तरी माणूस आजारी पडू शकतो.

हे दोन्ही पाहुणे काळाशी अगदी उलट वागतात. रासायनिक अवशेष काळाबरोबर निम्मानिम्मा होत जातो. जीवाणू, परिस्थिती अनुकूल असेल तर, काळाबरोबर दुप्पट दुप्पट होत जातात. म्हणजे बागेत एकाच वेळी दोन घड्याळे चालू असतात. एक सांगते 'थांबा', दुसरे सांगते 'थांबू नका'. कोणत्या वेळी कोणत्या घड्याळाकडे पाहायचे, हे कळणे म्हणजेच उत्पादकाचे सुरक्षिततेचे शिक्षण.

पहिले घड्याळ : निम्मे, निम्म्याचे निम्मे

किरणोत्सारी पदार्थाचा 'अर्धायुकाल' तुम्ही वाचला असेल. जितक्या काळात पदार्थातील निम्मे अणू विघटित होतात, तो त्याचा अर्धायुकाल. फळावरील कीटकनाशकाचेही ढोबळमानाने असेच होते. कारणे मात्र वेगळी असतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण त्याचे रेणू तोडतात, दव आणि पाऊस काही भाग धुऊन नेतात, काही भाग वाफ होऊन उडतो, तर काहींचे झाडातील विकरे विघटन करतात. शिवाय फळ मोठे होत गेल्याने दर किलोग्रॅममधील प्रमाणही घटते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका औषधाचा फळावरील अर्धायुकाल ३ दिवस आहे. फवारणीच्या दिवशी दर किलोग्रॅम फळावर ४ मिलिग्रॅम अवशेष आहे आणि कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे. मग ३ दिवसांनी २, ६ दिवसांनी १ आणि ९ दिवसांनी ०.५ मिलिग्रॅम उरेल. म्हणजे तोडणी किमान ९ दिवसांनंतरच करायला हवी. सहाव्या दिवशी बाजारभाव चढला म्हणून फळ तोडले, तर मर्यादेच्या दुप्पट अवशेष ग्राहकाच्या घरी जाईल. दोन्ही फळे दिसायला अगदी सारखी असतील!

फवारणी आणि तोडणी यांमधील या किमान कालावधीला 'काढणीपूर्व प्रतीक्षा काळ' म्हणतात. शास्त्रज्ञ प्रत्यक्ष पिकावर प्रयोग करून तो ठरवतात आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकात तो छापलेला असतो.

आता आणखी एक गंमत पाहा. शेतकऱ्याने "जरा जास्त टाकले तर कीड लवकर मरेल" असे म्हणून औषध दुप्पट घातले, तर काय होईल? सुरुवात ४ ऐवजी ८ मिलिग्रॅमने होईल. नवव्या दिवशी १ मिलिग्रॅम आणि बाराव्या दिवशी ०.५ मिलिग्रॅम उरेल. म्हणजे मात्रा दुप्पट केली की नेमका एक अर्धायुकाल जास्त थांबावे लागते. माहितीपत्रकावर छापलेला काळ मात्र योग्य मात्रा गृहीत धरूनच दिलेला असतो. मात्रा बदलली की तो छापील आकडा निरुपयोगी ठरतो.

मात्रा चुकते कुठे? बहुधा मोजण्यात. पाठीवरच्या पंपात साधारण १५ लिटर पाणी बसते. दर लिटरला २ मिलिलिटर औषध सांगितले असेल, तर पंपाला ३० मिलिलिटर लागेल. हे मोजायला तुमच्या प्रयोगशाळेत असते तसले साधे मोजपात्र पुरे. पण बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतले, तर ३० चे ४५ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात पुष्कळदा मोजपात्र हातात देऊनच करतात.

तांदळाच्या दाण्याएवढे विष

अवशेषांच्या मर्यादा 'दर दशलक्ष भागांत इतके भाग' अशा सांगतात. एक किलोग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे दशलक्षात एक भाग. हे किती थोडे असते याची कल्पना येण्यासाठी नाशिककडची एक हकिकत ऐका.

२०१० साली महाराष्ट्रातून युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचे अवशेष सापडले. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. ते कीटकनाशक नव्हे, वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी ते वापरतात. युरोपात द्राक्षांसाठी त्याची मर्यादा दर किलोग्रॅमला ०.०५ मिलिग्रॅम होती. म्हणजे एक टन द्राक्षांत ५० मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा सुमारे २० मिलिग्रॅम भरतो. तेव्हा टनभर द्राक्षांत तांदळाच्या दोन-अडीच दाण्यांच्या वजनाएवढे द्रव्य ही ती मर्यादा! ती ओलांडलेली आढळल्याने द्राक्षांचे कंटेनर परदेशी बंदरांत अडकून पडले आणि द्राक्ष बागाईतदारांना फार मोठे नुकसान सोसावे लागले.

या प्रसंगात शिकण्यासारखे बरेच आहे. निर्यातीपूर्वी द्राक्षांची प्रयोगशाळेत तपासणी होत होती, पण ज्या द्रव्यांची तपासणी करायची त्या यादीत हे द्रव्य नव्हते. उपकरण कितीही संवेदनशील असले, तरी जे शोधायलाच सांगितले नाही ते ते कसे दाखवणार? शिवाय सर्वच द्रव्यांचा अर्धायुकाल तीन-चार दिवसांचा नसतो. हेच क्लोरमेक्वाट पेअरच्या झाडाला एका वर्षी दिले, तर पुढच्या हंगामातील फळांतही सापडते, असे युरोपात दिसून आले आहे. काही घड्याळे फारच सावकाश चालतात.

मर्यादा ओलांडली की ते फळ खाणारा लगेच आजारी पडतो, असे मात्र समजू नका. मर्यादा ठरवताना सुरक्षिततेसाठी पुष्कळ अंतर राखलेले असते. पण ती सतत ओलांडली गेली, तर ते अंतर संपत जाते. म्हणून तिचा मान राखायचा.

पहिला धोका फवारणाऱ्याला

विषारी औषधाचा सर्वांत जास्त संपर्क येतो तो ते फवारणाऱ्याला, फळ खाणाऱ्याला नव्हे. नागपूरपासून फार दूर नसलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती आणि फवाऱ्याचे बारीक थेंब थेट चेहऱ्यावर येत होते.

येथेही भौतिकशास्त्र आहे. थेंब जितका बारीक, तितका त्याचा हवेतून खाली येण्याचा वेग कमी. थेंबाचा व्यास निम्मा केला, तर त्याचे वजन एकअष्टमांश होते, आणि अतिसूक्ष्म थेंबांच्या बाबतीत खाली येण्याचा वेग सुमारे एकचतुर्थांश होतो. असे थेंब धुक्यासारखे तरंगत राहतात आणि वाऱ्याबरोबर सहज वाहत जातात. म्हणून वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, सकाळी किंवा सायंकाळी वारा मंद असताना, तोंडाला मुखवटा, हातात हातमोजे आणि अंगभर कपडे घालूनच फवारणी करावी, असे सांगतात.

औषधाच्या डब्यावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन तुम्ही पाहिला असेल. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग धोक्याची पातळी सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत ही खूण ठरवलेली आहे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही रंग वाचता येतो. पण त्या रंगाचा अर्थ कोणीतरी आधी समजावून सांगावा लागतो.

दुसरे घड्याळ : दुप्पट, दुपटीची दुप्पट

आता सजीव पाहुण्याकडे वळू. ओलावा, अन्न आणि कोमट तापमान मिळाले, तर कित्येक जीवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात. तासात तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट. एका जीवाणूपासून सुरुवात केली, तर ५ तासांत ३२,७६८ आणि ७ तासांत २०,९७,१५२ जीवाणू होतील! बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तेच हे गणित.

अर्थात निसर्गात हे घड्याळ नेहमी इतके वेगाने चालत नाही. संत्र्याच्या कोरड्या, धडक्या सालीवर जीवाणूंना पाणी आणि अन्न मिळत नाही. तेथे ते वाढत नाहीत, कसेबसे तग धरतात. थंडीतही त्यांचा वेग मंदावतो. ५ अंश सेल्सियसच्या आसपास सॅल्मोनेलाची वाढ जवळजवळ थांबते. पण थंडीने जीवाणू मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. फळ कापले, खरचटले, रस काढला किंवा ओल्या पोत्यात पालेभाजी दाबून ठेवली, की घड्याळ पुन्हा धावू लागते.

संत्र्याचा रस आंबट असल्याने त्यात बहुतेक घातक जीवाणू वाढत नाहीत. पण आंबटपणा म्हणजे पूर्ण अभय नव्हे. १९९९ साली अमेरिका व कॅनडात संत्र्याचा न तापवलेला रस पिऊन शेकडो लोकांना सॅल्मोनेलाची बाधा झाली होती. सालीवर असलेले जीवाणू रस काढताना आत उतरतात आणि आंबट रसातही काही काळ जिवंत राहतात.

या घड्याळाचे सर्वांत भयंकर उदाहरण मेथीचे आहे. २०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मरण पावले. शोध घेता घेता तज्ज्ञ पोचले ते मोड आलेल्या मेथीपर्यंत. ते मेथीचे बी इजिप्तमधून आलेले होते. बियांवर जीवाणू अगदी थोडे असले, तरी मोड आणण्यासाठी आपण बी ओले करून उबेत दोन-तीन दिवस ठेवतो. जीवाणूंना याहून चांगले काय हवे? तिकडे मोड कच्चेच खाण्याची रीत आहे. आपल्याकडे मोडांची उसळ शिजवून करतात, त्या उष्णतेने जीवाणू मरतात. स्वयंपाकघरातील जुन्या सवयीमागे असे शास्त्र दडलेले असते.

गरम फळ आणि थंड पाणी

आता एक प्रश्न. उन्हात तापलेले फळ थंड पाण्यात टाकून धुतले, तर ते स्वच्छ होते की आतून घाण होते?

फळाच्या आत पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. समजा, दुपारी तोडलेल्या टोमॅटोचे तापमान ३७ अंश आहे आणि हौदातील पाणी २२ अंशांचे आहे. वायूचे नियम लावताना निरपेक्ष तापमान घ्यायचे असते. ३७ + २७३ = ३१० आणि २२ + २७३ = २९५. आकारमान तेवढेच राहिले, तर आतील हवेचा दाब १५ भागिले ३१०, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांनी कमी होईल. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. त्याचे ५ टक्के म्हणजे अर्धा मीटर! जणू फळावर अर्धा मीटर पाणी उभे राहून ते पाणी आत ढकलू पाहते.

हे पाणी शिरते कोठून? टोमॅटोच्या सालीला श्वासाची छिद्रे नसतात. हवेची ये-जा मुख्यतः देठाच्या खाचेतून होते आणि पाणीही तेथूनच आत जाते. पाण्यात जीवाणू असतील, तर तेही सोबत जातात. एकदा आत गेले, की बाहेरून कितीही धुतले तरी ते निघत नाहीत. संत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतही, गरम संत्री थंड पाण्यात टाकली असता काही संत्र्यांत देठाकडून किंवा जखमेतून जीवाणू आत गेलेले आढळले आहेत. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेतील १३ राज्यांत ७८ जणांना सॅल्मोनेलाची बाधा झाली. त्याचा माग ब्राझीलमधील एका आंब्याच्या बागेपर्यंत गेला. फळमाशीची अंडी मारण्यासाठी तेथे आंबे गरम पाण्यात बुडवत आणि नंतर थंड पाण्यात टाकत. एका कीटकावरचा उपाय दुसऱ्या जीवाला दार उघडून देणारा ठरला.

म्हणून उत्पादकांना चार साध्या गोष्टी शिकवतात. तोडणी शक्यतो सकाळी, फळ थंड असताना करा. संत्रे ओढून तोडू नका, कात्रीने देठाची चकती फळावर ठेवून कापा. ओढल्याने देठाजवळ जखम होते. धुण्याचे पाणी फळाच्या गरापेक्षा थोडे कोमट, सुमारे ५ अंशांनी जास्त असू द्या. आणि पाणी पिण्याच्या पाण्याइतके शुद्ध हवे. त्यात क्लोरीन घालतात, पण माती आणि पालापाचोळा त्या क्लोरीनला खाऊन टाकतो. म्हणून गढूळ झालेले पाणी वेळोवेळी बदलावे लागते, नाहीतर एका खराब फळाचे जीवाणू हौदातील साऱ्या फळांना लागतात.

शेणखताचा ढीग का तापतो?

शेणखत ही जमिनीची खरी श्रीमंती. पण ताज्या शेणात आतड्यांतील जीवाणू जिवंत असतात. ते मारायचे कसे? निसर्गाने सोय करून ठेवली आहे. ढीग नीट रचला, तर कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून उष्णता निर्माण होते आणि ढिगाचे तापमान ५५ अंशांच्या वर जाते. या तापमानात रोगकारक जीवाणू मरतात.

पण ढीग पुरेसा मोठा हवा. उष्णता निर्माण होते ती घनफळाच्या प्रमाणात आणि बाहेर जाते ती पृष्ठभागाच्या प्रमाणात. अर्ध्या मीटरच्या घनाकृती ढिगाचे घनफळ ०.१२५ घनमीटर, पृष्ठभाग १.५ चौरस मीटर. एक मीटरच्या ढिगाचे घनफळ १ घनमीटर, पृष्ठभाग ६ चौरस मीटर. म्हणजे बाजू दुप्पट केल्यावर घनफळ आठपट झाले, पृष्ठभाग मात्र चौपटच. त्यामुळे मोठा ढीग उष्णता टिकवून धरतो. लहान ढीग तापतच नाही.

ढिगाच्या कडा तरीही थंड राहतात. म्हणून तो उलथापालथ करून बाहेरचा भाग आत घालावा लागतो. उघड्या ढिगात ५५ अंश तापमान किमान १५ दिवस टिकवावे आणि त्या काळात पाच वेळा ढीग परतावा, असा एक नियम अमेरिकेत रूढ आहे. कच्चे शेण मात्र तोडणीच्या तोंडावर, आणि पालेभाजीला तर मुळीच घालू नये.

पाण्याचेही तसेच. ज्या ओढ्या-नाल्यांत गावाचे सांडपाणी मिसळते, ते पाणी कोथिंबीर, पालक, मुळा अशा जमिनीलगतच्या पिकांवर तुषारासारखे उडवणे सर्वांत धोक्याचे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील जीवाणू एक हजारापेक्षा जास्त नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सुचवले होते. ठिबकाने पाणी मुळाशी दिले, तर पाणी वाचते आणि ते पानाफळांना लागतही नाही.

शेतीशाळा आणि नोंदवही

हे सारे शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याची उत्तम रीत म्हणजे शेतीशाळा. १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या शेतांत ही पद्धत सुरू झाली आणि आज महाराष्ट्रातही ती रुळली आहे. पंचवीस-तीस शेतकरी हंगामभर ठरावीक दिवशी शेतातच जमतात, झाडे पाहतात, किडी मोजतात आणि फवारणी हवी की नको हे आकड्यांवरून ठरवतात. पुष्कळदा 'नको' असेच उत्तर येते. न केलेल्या फवारणीचा अवशेष शून्य असतो!

नागपूर या बाबतीत भाग्यवान आहे. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. कृषी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी वसंतराव नाईक राज्य कृषी विस्तार व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'वनामती', येथेच आहे. पाण्याच्या शुद्धतेवर काम करणारी 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून नागपुरात आहे.

शिक्षणातील शेवटचा धडा साधा वाटतो, पण तो मोलाचा आहे. तो म्हणजे नोंदवही. कोणत्या तुकड्यात, कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती मात्रेत फवारले. तोडणी कधी झाली. पाणी कधी तपासले. ही सारी नोंद ठेवायची. तिचा उपयोग काय? २०११ च्या त्या जर्मन साथीत खरे कारण सापडण्यापूर्वी स्पेनच्या काकड्यांवर संशय घेण्यात आला होता. तो नंतर खोटा ठरला, पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल कोणी घेईना आणि काकड्यांचे ढीगच्या ढीग टाकून द्यावे लागले. खऱ्या कारणापर्यंत तपास पोचला तो कोणत्या बियाण्याची कोणती खेप कोठे गेली, या कागदपत्रांच्या आधारे. नोंद असेल, तर दोषी सापडतो आणि निर्दोष सुटतो. २०१० पूर्वीच सुरू झालेल्या आपल्या 'ग्रेपनेट' या योजनेत निर्यातीच्या द्राक्षपेटीवरून ती कोणत्या बागेतली, हे शोधता येते ते अशाच नोंदींमुळे.

तोडणी करणाऱ्या मजुरांचे आरोग्य हाही या धड्याचाच भाग आहे. शेतात साबण-पाणी नसेल, शौचाची सोय नसेल, तर "हात धुवा" असे नुसते सांगून काय होणार? आणि जुलाब होत असलेल्या मजुराला त्या दिवशी तोडणीऐवजी दुसरे काम दिले, त्याची मजुरी कापली नाही, तरच तो आपला आजार सांगेल. म्हणजे सुरक्षिततेचा काही भाग विज्ञानाचा असतो आणि काही भाग न्यायाने वागण्याचा.

करून पाहा

१. निम्मे-निम्मे : ६४ नाणी किंवा चिंचोके घ्या. चिंचोक्यांच्या एका बाजूला खडूने खूण करा. सगळे एकदम टाका आणि खूण वर आलेले बाजूला काढा. उरलेले पुन्हा टाका. दर वेळी किती उरले याचा आलेख काढा. सुरुवात १२८ ने केली, तर तेवढ्याच संख्येवर यायला किती फेऱ्या जास्त लागतात, ते पाहा.

२. गरम बाटली : काचेची रिकामी बाटली गरम पाण्यात पाच मिनिटे धरा. मग तोंड खाली करून थंड, रंगीत पाण्याच्या भांड्यात उभी करा. थोड्या वेळाने पाणी बाटलीत वर चढेल.

३. टोमॅटो : दोन टोमॅटोंचे देठ काढा. एक उन्हात तापवा, एक पाण्याइतकाच थंड ठेवा. दोन्ही अर्धा तास गडद रंगीत थंड पाण्यात बुडवून ठेवा. बाहेरून पुसून देठाच्या बाजूने उभे कापा. रंग कोणत्या फळात किती खोल गेला? काही टोमॅटोंत रंग मुळीच दिसणार नाही, म्हणून प्रयोग चार-पाच वेळा करा. हे टोमॅटो खाऊ नका.

सोडवून पाहा

१. एका औषधाचा अर्धायुकाल ४ दिवस आहे. सुरुवातीचा अवशेष दर किलोग्रॅमला ३.२ मिलिग्रॅम आणि मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे. तोडणी किती दिवसांनी करावी?

२. दर लिटरला १.५ मिलिलिटर औषध सांगितले आहे. १६ लिटरच्या पंपात किती घालाल?

३. दर अर्ध्या तासाला दुप्पट होणारे १० जीवाणू कापलेल्या कलिंगडावर आहेत. ६ तासांनी ते किती होतील?

उत्तरे : १) १६ दिवस. २) २४ मिलिलिटर. ३) ४०,९६०.